पहिली क्रूझ ठरवताना आधी समुद्र आणि महिना बघा, जहाज नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात राहणारं चौघांचं कुटुंब, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. तुम्हाला आणि मुलांना क्रूझची खूप हौस. मिस्टरांना मात्र धाकधूक. एकदा गेटवेहून मांडव्याला जाताना लाँचमध्ये त्यांना बोट लागली, उलट्यांनी बेजार झाले. पुढे डिसेंबर २०२४मध्ये एलिफंटाला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिल्याची बातमी आली. शिवाय घर अलिबागकडचं, त्यामुळे १९४७मध्ये बुडालेल्या ‘रामदास’ बोटीची कहाणी लहानपणापासून ऐकलेली. ते नाही म्हणत नाहीत, पण तारखांचा विषय काढला की बोलणं दुसरीकडे नेतात. मुंबई-गोवा घ्यावी, लक्षद्वीप की सिंगापूर, आणि कोणतं जहाज बरं, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं क्रूझ जहाजांवर प्रवाशांच्या मदतकक्षात काम केलंय, आणि आता कुटुंबांना त्यांची पहिली क्रूझ निवडायला मदत करते. त्या अनुभवावरून उत्तर आधीच देऊन टाकते. तुमच्यासाठी जानेवारी किंवा फेब्रुवारीतली, शनिवार-रविवार टाळून निघणारी मुंबई-गोवा फेरी घ्या. मिळाली तर एकतर्फीच घ्या आणि परत रेल्वेने या. केबिन खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध, खिडकी असलेली. शाळेमुळे मे महिन्याशिवाय जमणारच नसेल तर मुंबईचा नाद सोडा आणि सिंगापूरहून मलेशियातल्या पेनांगकडे जाणारी छोटी फेरी बघा. लक्षद्वीप मात्र पहिल्या खेपेला नको. आता यामागची कारणं सविस्तर सांगते, कारण ती मिस्टरांनाही वाचून दाखवता आली पाहिजेत.

सगळ्यात आधी त्यांना भीती नक्की कशाची वाटते ते विचारा. मुलांसमोर नको, जेवणाच्या टेबलावर चेष्टेत नको. दोघंच असताना, निवांतपणे. ‘क्रूझची भीती’ या एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. कुणाला उलट्यांची भीती असते, म्हणजे खरं तर चारचौघांत फजिती होण्याची. कुणाला बुडण्याची. कुणाला खिडकी नसलेल्या खोलीत कोंडल्यासारखं होतं. एखाद्याला स्वतःचं काही वाटत नाही, पण पाच वर्षांचं पोर कठड्याकडे धावलं तर, या विचाराने झोप लागत नाही. आणि काहींना फक्त एवढंच नको असतं की मधेच उतरता येणार नाही. यातली प्रत्येक भीती वेगळी निवड मागते आणि काही वेळा त्या निवडी एकमेकींच्या विरुद्ध जातात. बोट लागणाऱ्याला खालची केबिन बरी, तर कोंडल्यासारखं वाटणाऱ्याला वरची बाल्कनीवाली. त्यामुळे उत्तर माहीत नसताना बुकिंग केलं तर पैसे भरून भलतीच अडचण विकत घ्याल. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला त्यांच्या बाबतीत पहिल्या दोन भीती दिसतात आणि थोडीशी शेवटची. पण हा माझा अंदाज झाला. खात्री त्यांच्याकडूनच करून घ्या.

आता समुद्राकडे वळू. लोक जहाजाचे फोटो बघतात, घसरगुंड्या मोजतात, जेवणाचे व्हिडिओ बघतात. पण बोट लागणं न लागणं यातला मोठा वाटा त्या आठवड्यात पाणी कसं आहे यावर असतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याचं वेळापत्रक कोळ्यांना विचारा, ते तोंडपाठ सांगतील. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या पाण्यात घालायच्या नाहीत, ही रीत उगाच पडलेली नाही. गेटवे-मांडवा लाँचही पावसाळ्यात बंदच असतात. पण फक्त पावसाळा टाळून भागत नाही. पावसाळ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे आठवडे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे. तौक्ते मे २०२१मध्ये आलं, निसर्ग ३ जून २०२०ला अलिबागजवळच किनाऱ्यावर धडकलं, हे तुमच्या घरच्यांना सांगायला नकोच. वादळ प्रत्यक्ष येवो न येवो, मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्येकडून लांब लाटा यायला लागतात आणि किनाऱ्याला समांतर जाणारं जहाज आडवं डुलतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत, समुद्र बहुधा चांगला असतो, पण अधूनमधून बिघडतो. डिसेंबर ते मार्च हा आपला भरवशाचा काळ. त्यातही दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि पाण्यावर फेस दिसतो, पण मोठ्या जहाजाला तो फारसा जाणवत नाही. म्हणून मी जानेवारी-फेब्रुवारी म्हणते. शाळेचे दोन-तीन दिवस बुडतील. पाच आणि नऊ वर्षांच्या मुलांचे बुडू द्या.

तेच कॅलेंडर सगळीकडे लागू करू नका. डिसेंबर-जानेवारीत सिंगापूरहून व्हिएतनाम किंवा हाँगकाँगकडे निघालात तर दक्षिण चीन समुद्रात ईशान्य मोसमी वारे ऐन भरात असतात आणि तिथली लाट भल्याभल्यांना आडवं करते. आपल्याकडे मात्र त्याच वेळी सगळं शांत. उलट सिंगापूरहून वायव्येकडे पोर्ट क्लँग, पेनांग या बाजूला गेलात की जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून चालतं. एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला सुमात्रा. दोन्हीकडून जमिनीचा आडोसा. मोठी लाट उठायला जो मोकळा, लांबलचक पट्टा लागतो तो तिथे मिळतच नाही. एप्रिल ते नोव्हेंबरच्या दरम्यान रात्री किंवा पहाटे सुमात्राकडून अचानक वारा-पाऊस येतो, विजा चमकतात, आणि थोड्या वेळात सगळं निवळतं. मे महिन्यात घाबरलेल्या माणसाला घेऊन जायला आपल्या आवाक्यातला याहून बरा समुद्र मला माहीत नाही. जायचं तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा. मेच्या अखेरीला सिंगापूरच्या शाळांना सुट्टी लागते, मग भाडंही चढतं आणि पोहण्याच्या तलावात पाय ठेवायला जागा उरत नाही.

यानंतर बघायचं ते बंदर. जाहिरातीत फक्त गावाचं नाव असतं. जहाज धक्क्याला लागणार की बाहेर नांगर टाकून उभं राहणार, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. नांगर टाकला तर किनाऱ्यावर जायला छोट्या बोटीत उतरावं लागतं. मोठं जहाज जवळजवळ स्थिर, शेजारची छोटी बोट मात्र वरखाली होतेय, आणि खलाशी हात धरून म्हणतोय ‘आता पाऊल टाका’. ज्याला मांडव्याच्या लाँचचा वाईट अनुभव आहे त्याच्यासाठी अख्ख्या प्रवासातला हाच क्षण सगळ्यात कठीण. लक्षद्वीपला अगत्तीजवळ असंच उतरावं लागतं, आणि वारा असेल तर उतरणं रद्दही होतं. म्हणून मी लक्षद्वीपला नको म्हटलं. बेट अप्रतिम आहे. दुसऱ्या-तिसऱ्या क्रूझला जरूर जा. गोव्यात जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागतं, शिडीवरून चालत उतरायचं. कोचीतही धक्का आहे, पेनांगला जॉर्जटाउन शहराला लागूनच धक्का आहे. फुकेतला मात्र मोठी जहाजं बहुधा बाहेरच उभी राहतात, त्यामुळे सिंगापूरची फेरी निवडताना फुकेतवाली टाळा.

जहाजाचं म्हणाल तर मोठं जहाज कमी हलतं, हे ढोबळमानाने खरं. मुंबईहून २०२१पासून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस चालू झालं. १९९०मध्ये बांधलेलं, २११ मीटर लांबीचं, म्हणजे आजच्या हिशोबात मध्यम आकाराचं. सिंगापूरहून चालणारं जेंटिंग ड्रीम २०१६चं आणि सुमारे ३३५ मीटरचं. थोडी लाट असली की हा फरक जाणवतो, पण शांत समुद्रात दोन्हीकडे टेबलावरचा चहा हिंदकळत नाही. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते आडवं डुलणं बरंच कमी करतात. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वरखाली होणं मात्र त्यांना थोपवता येत नाही. मिस्टरांना हे सांगताना एक गोष्ट जरूर सांगा: मांडव्याच्या लाँचमध्ये बोट लागली म्हणून क्रूझवर लागेलच असं नाही. ती लाँच छोटी, प्रत्येक लाटेबरोबर उसळणारी, वर डिझेलचा वास. जिथे त्यांना त्रास झाला ती लाट या जहाजाला कळतही नाही. पण ‘तुम्हाला काही होणार नाही’ अशी हमी देऊ नका. ती खोटी ठरली तर पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

मुंबई-गोवा फेरी मी एवढ्यासाठीही सुचवते की ती छोटी आहे आणि तिला शेवट दिसतो. संध्याकाळी बॅलार्ड पिअरहून निघायचं, किनारा फार दूर जात नाही, आणि एक-दोन रात्रींत गोवा. एकतर्फी फेरीची चौकशी हंगाम सुरू होतानाच करा. ‘परत येताना मडगावहून रेल्वे आहे, तिकीट काढलेलं आहे’ हे वाक्य धास्तावलेल्या माणसाला फार धीर देतं, कारण आवडलं नाही तर तेच पुन्हा सोसावं लागणार नाही हे त्याला माहीत असतं. वंदे भारत मडगावहून दुपारी निघते, कोकण रेल्वेचे बोगदे-पूल बघत मुलंही खूश. सात रात्रींची फेरी ‘एवढे पैसे भरतोच आहोत तर’ म्हणून घेऊ नका.

वारही बघा. आठवड्याच्या शेवटी निघणाऱ्या आणि कुठेही न लागता समुद्रात फिरून परत येणाऱ्या फेऱ्यांवर मित्रांचे घोळके, कंपन्यांच्या पार्ट्या, कधी लग्नाचं अख्खं वऱ्हाड असतं. रात्री उशिरापर्यंत डीजे. त्यांची मजा त्यांच्या जागी ठीक आहे, पण पहिल्या रात्री कानोसा घेत पडून राहिलेल्या माणसाला आणि पाच वर्षांच्या मुलाला तो गोंगाट नको. सोमवार ते गुरुवारच्या दरम्यानची फेरी शांत असते आणि बहुतेक वेळा स्वस्तही.

केबिनचा निर्णय मात्र पूर्णपणे मिस्टरांवर सोपवा. खरंच सांगते, मी पाहिलेल्या घाबऱ्या प्रवाशांपैकी ज्यांनी स्वतः डेकचा नकाशा समोर ठेवून खोली निवडली, ते खोलीत शिरले तेव्हाच निम्मे सावरलेले होते. ज्यांना घरच्यांनी ‘सरप्राइज’ म्हणून आणलं, त्यांचे पहिले दोन दिवस मदतकक्षासमोरच्या खुर्चीत गेले. नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. जहाज बागेतल्या सी-सॉच्या फळीसारखं मधल्या अक्षाभोवती हलतं, त्यामुळे पुढचं आणि मागचं टोक जास्त वरखाली होतं आणि वरचे मजले जास्त डुलतात. मधोमध, खालच्या बाजूला सगळ्यात कमी. खिडकीची केबिन घ्या. सकाळी डोळे उघडल्यावर क्षितिज दिसणं हे बोट लागणाऱ्यासाठी औषध आहे. खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त असते, पण दिवा मालवला की काळोख असा दाट की वेळेचा अंदाजच जातो. बाल्कनी सुंदर असते, पण ती वरच्या मजल्यांवर असते आणि लहान मुलगा बरोबर आहे. कठडा मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर येईल इतका उंच असतो, दाराची कडीही वर असते, तरी तिथे खुर्ची असते आणि खुर्चीवर चढणं मुलांना शिकवावं लागत नाही. मिस्टर बाल्कनीच्या दाराकडे बघत रात्र काढणार असतील तर तो खर्च कशाला?

निवडलेल्या खोलीच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच आहेत ना हेही नकाशावर पाहा. वर डिस्को, स्वयंपाकघर किंवा नाट्यगृह नको. अगदी पुढच्या टोकाच्या खोल्यांमध्ये नांगराच्या साखळीचा खडखडाट पहाटे दचकवतो. ‘कंपनी देईल ती खोली’ या अटीवर मिळणारं स्वस्त भाडं घेऊ नका. तुमचा सगळा विचार त्यात वाया जातो. चौघांसाठी एकच खोली घेतली तर दोन पलंग भिंतीतून किंवा छतातून उघडतात, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखे. मुलं त्यावर खूश होतात, पण ते उघडल्यावर खोली बरीच लहान वाटते. आतून दार असलेल्या दोन शेजारच्या खोल्या परवडत असतील तर उत्तम.

आता बुडण्याच्या भीतीबद्दल. इथे मला सगळ्यात जास्त काळजीपूर्वक बोलावंसं वाटतं, कारण अलिबागच्या घरात रामदास ही कुणाच्या तरी घरची गोष्ट असते. १७ जुलै १९४७, भर पावसाळा, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, आषाढी अमावास्येला घरी परतणारी माणसं. खवळलेल्या समुद्रात बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक लोक गेले. बुडाल्याची खबर मुंबईला लागायलाही कित्येक तास गेले. अशा आठवणीवर ‘अहो, ते जुनं झालं’ असं उत्तर देऊ नये. आज काय वेगळं आहे ते सांगावं. एक तर त्या महिन्यात आता मुंबईहून क्रूझ जहाजं सहसा निघत नाहीत. दुसरं, आजच्या प्रवासी जहाजाचं पोट पाणी न शिरणाऱ्या वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेलं असतं. एका कप्प्यात पाणी आलं तरी ते तिथेच अडवता येतं. जहाज कुठे आहे ते किनाऱ्यावर सतत दिसत असतं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लाइफबोटी आणि तराफे मिळून जहाजावरच्या एकूण माणसांच्या १२५ टक्के लोकांची सोय असावी लागते. हे नियम टायटॅनिकनंतर, १९१४पासून बनत आले आहेत.

तरीही अपघात अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. १३ जानेवारी २०१२ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे आधुनिक, प्रचंड जहाज कप्तानाने खडकांच्या फार जवळ नेलं आणि ३२ माणसं दगावली. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सुरक्षेचा सराव तोवर झालाच नव्हता. त्या वेळच्या नियमात तो चोवीस तासांत घेतला तरी चालत असे. नंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५पासून हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावाच लागतो. त्याला मस्टर ड्रिल म्हणतात. तुमच्या केबिनच्या दारामागे किंवा कार्डावर तुमचं जमायचं ठिकाण लिहिलेलं असतं, तिथे जायचं, हजेरी द्यायची, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. सात लहान आणि एक लांब भोंगा म्हणजे त्या ठिकाणी जमा. पुष्कळ लोक कंटाळून मोबाइलमध्ये डोकं घालतात. तुम्ही मिस्टरांना पुढे उभं करा. मुलांच्या मापाची जॅकेटं त्यांच्याच हाताने मागून घेऊन घालून पाहू द्या. केबिनपासून त्या जागेपर्यंत चौघं जिन्याने एकदा चालून या, लिफ्टने नको. भीतीला करायला काही तरी काम मिळालं की ती बरीच आटोक्यात येते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

रात्रीच्या आवाजांची कल्पना त्यांना आधीच देऊन ठेवा. भिंतीचे जोड हलके कुरकुरतात. बंदरात शिरताना आणि निघताना जहाजाला बाजूला सरकवणारे पाण्याखालचे पंखे चालतात तेव्हा खोली थरथरते. धुक्यात भोंगा वाजतो. बंदरात उभं असताना कर्मचाऱ्यांचे स्वतःचे सराव चालतात, तेव्हा गजरही होतो. आधी तशी घोषणा झालेली असते. मदतकक्षात मला पहाटे आलेले कितीतरी फोन निव्वळ या आवाजांचे असत. आधी माहीत असलेला आवाज माणूस कूस बदलून झोपेत घालवतो.

बोट लागण्याचं शास्त्र सोपं आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, डोळे म्हणतात खोली स्थिर आहे, आणि या भांडणात पोट ढवळतं. म्हणून मोबाइल, पुस्तक बाजूला ठेवायचं, उघड्या डेकवर मधोमध उभं राहून क्षितिजाकडे बघायचं. पोट रिकामं ठेवायचं नाही आणि तुडुंबही भरायचं नाही. आल्याच्या वड्या, सुंठ काहींना बरी पडते. जवळ ठेवायला हरकत नाही. गोळी मात्र त्रास सुरू होण्याआधी घेतली तरच उपयोगाची. एसटीच्या घाटातल्या प्रवासासाठी आपल्याकडे घरोघरी असते ती अ‍ॅव्होमिन याच कामाची, पण तिने झोप येते. डॉक्टरांना विचारून कोणती गोळी घ्यायची ते ठरवा. काचबिंदू, प्रोस्टेट, रक्तदाब असं काही असेल तर आवर्जून सांगा. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरीच घेऊन बघा, किती गुंगी येते ते कळेल. गोळी घेतली की मद्य नको. आणि मुलांकडेही लक्ष असू द्या. दोन ते बारा या वयात हा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो, त्यामुळे हसत चढलेली तुमची मुलगीच आधी आडवी होऊ शकते. मुलांचा डोस बालरोगतज्ज्ञांकडूनच घ्या. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते.

बुकिंगच्या आधी एक रंगीत तालीम सुचवते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२०पासून रो-रो चालते, गाडीसकट नेणारी. लाँचपेक्षा ती कितीतरी मोठी आणि प्रवास तासाभराचा. डिसेंबरमधल्या एखाद्या सकाळी गाडी घालून चौघं अलिबागच्या घरी जा. मिस्टरांना उतरल्यावर लगेच ‘बघा, काही झालं नाही ना’ असं विचारू नका. त्यांना स्वतःहून बोलू द्या. त्यांच्या आठवणीतला तो शेवटचा प्रवास बदलला तर पुढचं बोलणं सोपं होतं.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट लोक गृहीत धरतात: पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक असेलच. अनेक जहाजांवर नसतो. बुकिंग करतानाच विचारा, आणि असला तरी पाच वर्षांच्या मुलाजवळ हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवंच. घाबरणारा पालक बहुतेक वेळा सगळी राखण स्वतःच्या अंगावर घेतो, सारखा मोजत राहतो, आणि शेवटी चिडतो. त्यामुळे तास वाटून घ्या. ‘चार ते सहा मुलं माझी, तुम्ही झोपा किंवा डेकवर बसा’ असं स्पष्ट ठरलेलं असू द्या. मुलांना केबिनचा नंबर पाठ करायला लावा, हरवल्यास भेटायची जागा पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. आणि बाबांना घाबरट म्हणायचं नाही, हे निघण्याआधी मुलांना नीट समजावून सांगा.

राहिलेल्या गोष्टी पटापट सांगते. जाहिरातीतल्या भाड्यात बंदर शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी धरलेली नसते. एकूण आकडा लेखी मागा. रद्द करण्याचे नियम आधी वाचा, कारण तुमच्या बाबतीत ते लागू पडण्याची शक्यता खरी आहे. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याची फी भरभक्कम, म्हणून क्रूझचा समावेश असलेला विमा काढा. मुंबई-गोव्याला मुलांचीही ओळखपत्रं लागतात. सिंगापूरला व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा, कारण जहाजाने बाहेर पडून तुम्ही पुन्हा सिंगापूरलाच येता. विमानाने जात असाल तर आदल्या दिवशी पोचा. पुण्याहून मुंबईला येतानाही घाटातली कोंडी धरून सकाळीच निघा, जहाज थांबत नाही. जहाजावर फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर समुद्रातल्या नेटवर्कचं बिल डोळे पांढरे करतं. घरच्यांशी संपर्क तुटण्याची काळजी असेल तर वायफायचा पॅक घ्या. किटली आणि इस्त्री नेऊ देत नाहीत. शाकाहारी, जैन जेवण दोन्हीकडे मिळतं, बुकिंगच्या वेळीच नोंदवा.

आणि एवढं सगळं करूनही मिस्टर नको म्हणाले तर? मग त्यांना ओढून नेऊ नका, आणि तुम्ही व मुलांनीही हौस मारू नका. तुमची बहीण, नणंद किंवा आई, कुणी तरी एक मोठं माणूस बरोबर घ्या आणि तीच मुंबई-गोवा फेरी करा. मिस्टर रेल्वेने गोव्याला जाऊन मुरगावच्या धक्क्यावर तुम्हाला घ्यायला येतील, पुढचे दोन दिवस सगळे एकत्र राहाल. (परदेशातल्या फेरीला मुलं एकाच पालकाबरोबर असतील तर दुसऱ्याचं संमतिपत्र जवळ ठेवा.) असं करणाऱ्या काही कुटुंबांत पुढच्या वर्षी घरी राहिलेल्या माणसानेच मला फोन करून डेकचा नकाशा मागितला. काहींनी नाही मागितला, आणि ती कुटुंबं अजूनही अशीच अर्धी समुद्राने, अर्धी रेल्वेने गोव्याला जातात.